जुनी मोटार घरी दुरुस्त करताना : सोलापुरातील निवृत्तांसाठी कामाचा क्रम

निवृत्तीनंतर जुनी मोटार घरच्या घरी पुन्हा चालती करण्याचे काम हाती घेणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांचे काम अर्ध्यावर थांबते. पैसा कमी पडला किंवा हाताला कसब नव्हते, हीच कारणे त्यामागे असतात असे नाही. पहिल्या उत्साहात गाडी नटबोल्टापर्यंत खोलली जाते, भाग पोत्यांत आणि बादल्यांत भरले जातात, मग पाऊस येतो, घरात लग्नकार्य निघते, डोळ्याचे ऑपरेशन होते, आणि काही महिन्यांनी पोत्यातला कोणता बोल्ट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते यावर एकच खात्रीचा उपाय आहे. गाडीचे एका वेळी एकच अंग खोलावे, ते पूर्ण जोडून झाल्याखेरीज दुसऱ्याला हात लावू नये आणि गाडी शक्यतो चाकांवर, ढकलता येईल अशी ठेवावी. चाकांवर असलेली गाडी पावसाआधी आत घेता येते, गरज पडल्यास बाजूला सारता येते, आणि प्रकृतीमुळे काम थांबवावेच लागले तर तिला गिऱ्हाईकही मिळते. पुढील सगळा क्रम या एका पथ्यावर उभा आहे.

गाडी कोणती घ्यावी

घरात वडिलांच्या वेळची गाडी उभी असेल तर निवडीचा प्रश्नच येत नाही. विकत घ्यायची असेल, तर पहिल्या कामासाठी फियाट ११०० किंवा तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनत असे. त्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला, त्यामुळे या गाडीबद्दल सोलापूरकरांना वाटणारी आपुलकी रास्त आहे. परंतु माझ्या शिफारशीचे कारण व्यवहाराचे आहे. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे, बॉनेट उघडले की बहुतेक भागांपर्यंत सहज हात पोहोचतो, आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे ती इतकी वर्षे इतक्या संख्येने चालली की तिचे भाग आजही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मेस्त्रीही भेटतात. मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेल्या पुढच्या दारांची जुनी फियाट, जिला आपल्याकडे सर्रास डुक्कर फियाट म्हणतात, ती दिसायला लोभस असली तरी तिचे पत्र्याचे भाग मिळवणे बरेच कठीण असते, म्हणून ती दुसऱ्या खेपेसाठी राखावी. ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिनही दणकट आहे. मात्र तिचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आणि फियाटचे मिलिमीटरच्या मापाचे असल्यामुळे, आधी गाडी ठरवावी आणि मगच पान्यांचा संच घ्यावा.

इंजिन बिघडलेले असले तरी चालेल, पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी घ्यावी. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, ब्रेकची रबरे ही पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात शोधता येतात. परंतु बंपर, समोरची जाळी, दिव्यांच्या रिंगा, दारांच्या मुठी, क्रोमच्या पट्ट्या आणि मीटरची काच यांचा पाठलाग वर्षानुवर्षे करावा लागतो. पाहणीला जाताना फडक्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक बरोबर न्यावे. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे, असे समजावे. पायाखालचे रबरी मॅट उचलून खालचा पत्रा, दारांखालचे पोकळ पाट, डिकीतील स्टेपनीचा खळगा आणि कमानपाटे जिथे बॉडीला बसतात त्या जागा पेचकसाच्या टोकाने टोकरून पाहाव्यात. फियाटला आणि ॲम्बॅसिडरलाही वेगळी चॅसिस (खालची लोखंडी चौकट) नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो, म्हणून या जागा सडलेल्या असतील तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी सौदा करू नये.

खर्चाबाबत एकच सांगणे आहे. गाडीसाठी वेगळे बचत खाते उघडावे, त्यात दरमहा झेपेल तेवढी रक्कम टाकावी आणि काम त्या खात्याच्या गतीने चालू द्यावे. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीच्या मूळ रकमेला या कामासाठी हात लावू नये, कारण पूर्ण झालेली गाडी विकली तर केलेला खर्च बहुधा परत मिळत नाही.

कागदपत्रे आधी, पाना नंतर

पैसे देण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की अंक उमटतात. तो कागद फाइलमध्ये जपून ठेवावा. पुस्तक हरवले असेल तर दुय्यम प्रतीसाठी नमुना २६, परराज्यातील गाडी असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला, आणि हस्तांतरणासाठी नमुने २९ व ३० लागतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या काम सुरू होण्याआधी घ्याव्यात, गाडी उभी राहिल्यावर त्या घेणे फार अवघड जाते.

नोंदणीची वाट कोणती धरायची हेही आधीच ठरवावे लागते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर घातली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या आणि इंजिन, बॉडी वा चॅसिसमध्ये भरीव फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यांना राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, नियमांत शुल्क २०,००० रुपये ठेवले आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. ज्यांना नातवंडांना घेऊन तुळजापूर किंवा अक्कलकोटला जायचे आहे, त्यांनी साधी 'एमएच १३' नोंदणीच चालू ठेवावी आणि नमुना २५ वर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नूतनीकरणाचे शुल्क अलीकडे वाढत गेले आहे, म्हणून त्या दिवशीचा दर प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारूनच खर्च मांडावा. जुन्या वाहनांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट आवश्यक आहे. हौसेने ठेवलेली जुनी पितळी पाटी घराच्या भिंतीवर लावावी.

जागा, ऋतू आणि शरीर

सोलापूर पर्जन्यछायेत आहे आणि ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. कोकणात जो पत्रा दहा वर्षांत चाळण होतो, तो इथे दीर्घकाळ टिकतो. उलट इथला उन्हाळा रबर, वायरींचे आवरण आणि डॅशबोर्ड यांना तडे पाडतो, आणि वळवाच्या आधी सुटणारे धुळीचे वारे उघड्या इंजिनात माती भरतात. म्हणून उघडे इंजिन आणि रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहा ते नऊ एवढेच काम करावे आणि तेही कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), डायनामो (वीज तयार करणारा भाग), मीटर असे टेबलावर बसून करण्याचे. पाऊस इथे सप्टेंबरात सर्वाधिक पडतो, त्यामुळे जूनमध्ये शेडचे पत्रे पाहून झाले म्हणून निर्धास्त राहू नये. तळाला सिमेंटची घट्ट जमीन हवी, कारण मुरमावर जॅक कलंडतो.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने, क्षणभरासाठीही जाऊ नये. गाडी उचलली की लोखंडी घोड्या (गाडी पेलून धरणारे स्टँड) लावाव्यात, जमिनीवरील चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्यावेत, गाडी हाताने जोरात हलवून पाहावी आणि मगच खाली सरकावे. घरात कोणी नसताना गाडीखालचे काम करू नये. साठीनंतर गुडघे आणि कंबर यांचा विचार यंत्राइतकाच महत्त्वाचा असतो. बसण्यासाठी वीतभर उंचीचा चौरंग, डोळ्यांवर चष्मा, हातांत नायट्राइलचे मोजे आणि धनुर्वाताचे वेळेवर घेतलेले इंजेक्शन यांना पर्याय नाही. जुने इंजिन तेल त्वचेला अपायकारक असते, ते उघड्या हातांवर राहू देऊ नये. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचा असेल तेव्हा चेन ब्लॉक आणि दोन तरुण माणसे बोलवावीत. पुसण्यासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यांमधून निघणारे टेरीचे तुकडे किलोवर घ्यावेत. तेल टिपून घ्यायला त्यांच्यासारखे दुसरे फडके नाही, आणि ही सोय आपल्या गावाला आहे.

खोलण्यापूर्वी

प्रत्येक भाग खोलण्याआधी मोबाइलवर तीन बाजूंनी फोटो घ्यावा. काढलेले बोल्ट त्याच भागाच्या नावाच्या डब्यात ठेवावेत किंवा शक्य असेल तिथे त्याच भोकात दोन आटे फिरवून परत लावावेत. शंभर पानी वहीत रोजची तारीख, काय काढले, काय तुटलेले आढळले आणि काय मागवायचे, याची नोंद ठेवावी. गाडीचे मूळ सर्व्हिस मॅन्युअल किंवा त्याची झेरॉक्स मिळवल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये, कारण बोल्ट किती ताकदीने आवळायचा आणि व्हॉल्व्हची फट किती ठेवायची हे आठवणीने किंवा अंदाजाने ठरवण्याचे विषय नाहीत. गंजून बसलेल्या बोल्टवर आदल्या संध्याकाळी गंज सैल करणारे तेल सोडावे आणि सकाळी सहाकोनी रिंग पाना लावून आधी किंचित आवळावे, मग सोडवावे. उघड्या तोंडाच्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजले की अर्ध्या तासाचे काम तीन दिवसांचे होते.

पहिले अंग : ब्रेक

इंजिन सुरू झालेले ऐकण्याची ओढ मोठी असते, तरीही पहिले काम ब्रेकचे असावे. कारण उघड आहे. चालणारे इंजिन आणि न लागणारे ब्रेक असलेली गाडी धोकादायक असते, तर ब्रेक असलेली आणि इंजिन बंद असलेली गाडी ढकलत कुठेही सुरक्षित नेता येते. त्यातच या पिढीच्या गाड्यांत चारही चाकांना ब्रेकचे तेल एकाच जोडणीतून जाते. एक नळी फुटली की पायाखालचा पेडल जमिनीला टेकतो आणि हातब्रेकशिवाय काहीच उरत नाही.

एका वेळी एकच चाक घ्यावे, म्हणजे जोडणीचा नमुना म्हणून दुसरे चाक कायम समोर असते. ड्रम काढल्यावर आत साचलेली धूळ फुंकू नये आणि हवेच्या पाइपनेही उडवू नये, कारण ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये (ड्रमला घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाणे घातक आहे. साबणाच्या पाण्याने ओली करून ती ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

आता चाकाजवळचा बोटभर लांबीचा सिलिंडर पाहावा. त्याच्या टोकाचे रबरी टोपण नखाने किंचित उचलले असता आतून तेलाचा थेंब ओघळला, तर आतली रबरी वाटी गळते आहे. टोपणे काढून दोन्ही पिस्टन, वाट्या आणि स्प्रिंग बाहेर घ्यावेत, सिलिंडर ब्रेकच्याच तेलाने धुऊन उजेडाकडे धरावा आणि आतून करंगळी फिरवावी. काळसर डाग असतील आणि बोटाला काही लागत नसेल, तर अतिबारीक एमरी कागद ब्रेक तेलात बुडवून हलक्या हाताने गोल फिरवल्यास ते जातात. नख अडकेल असा खड्डा लागला, तर मात्र कितीही घासू नये. नवा सिलिंडर घ्यावा, आणि तो मिळत नसेल तर लेथवाल्याकडून आत स्टेनलेसचा स्लीव्ह बसवून घ्यावा. यंत्रमागाचे सुटे भाग घडवण्यात मुरलेले कारागीर सोलापुरात आहेत, हजारांश इंचाचे काम त्यांना नवे नाही, फक्त मूळ माप लिहून द्यावे. रबराच्या वाट्या चारही चाकांच्या आणि मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या) एकदमच बदलाव्यात. पेट्रोल, केरोसीन किंवा ग्रीस यांचा स्पर्श या रबराला होऊ देऊ नये, कारण त्याने ते फुगते. लवचिक नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी नव्या घालाव्यात, आणि लोखंडी नळीवर गंजाचे पापुद्रे असतील तर तीही.

तेल डॉट ३ किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेले, सीलबंद डब्यातील वापरावे. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून अर्धा उरलेला डबा पुढच्या वर्षीसाठी ठेवू नये; आणि ते रंग खाते, म्हणून बॉडीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. नळ्यांत अडकलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. पेडल दाबायला घरातील कोणाला तरी बसवावे आणि 'दाबा', 'धरा', 'सोडा' हे तीनच शब्द ठरवून घ्यावेत. शेवटी पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरावा. तो हळूहळू खाली जात असेल, तर कुठे तरी गळती आहे आणि काम संपलेले नाही.

दुसरे अंग : पेट्रोलची टाकी ते कार्ब्युरेटर

वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टाकीत डिंकासारखा साका आणि गंज असतो. टाकी उतरवून त्यात मूठभर छोटे नट आणि साबणाचे गरम पाणी घालून ती पुन्हापुन्हा हलवावी, धुवावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. टाकीला भोक असले तरी घरी किंवा साध्या वेल्डरकडे ती वेल्ड करून घेऊ नये, रिकाम्या टाकीतील वाफ पेट्रोलहून अधिक धोक्याची असते.

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पन्नास वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते; ते मऊ होते, सुटते आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) अडकते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी, पंपाचा पडदा आणि गॅस्केटे इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारची घालावीत. इथेनॉल पाणीही धरून ठेवते, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत फार पेट्रोल ठेवू नये.

कार्ब्युरेटर पांढऱ्या कापडावर, फोटो घेत, एका बैठकीत खोलून जोडावा. जेटमधून तार घालू नये. पितळेचे ते छिद्र तारेने मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

तिसरे अंग : इंजिन

इंजिन खोलायचे की नाही, हे मोजून ठरवावे. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल सोडावे आणि एक-दोन दिवसांनी हँडलने हळूच फिरवून पाहावे. फिरत नसेल तर जोर लावू नये. गिअरबॉक्सचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल आणि ॲसिटोन सारख्या प्रमाणात मिसळून सोडावे, आठवडाभर थांबावे आणि रोज थोडा थोडा ताण देत राहावे. फिरू लागल्यावर कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडरांचा दाब मोजून वहीत लिहावा. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिन तसेच ठेवावे. एखादा फार कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेडखालच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालच्या) गॅस्केटचा दोष आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग ही कामे यंत्रावरचीच आहेत, ती बाहेर द्यावीत. सफाई, मापन आणि जोडणी स्वतः करावी. ज्यांचे हेड बिडाचे आहे त्यांनी, ते उतरवलेच असेल तर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. जुन्या इंजिनांत या सीटांचे रक्षण पेट्रोलमधील शिसे करीत असे, आणि भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आहे.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी नवे २०-५० ग्रेडचे इंजिन तेल भरावे, प्लग काढलेले ठेवून तेलाचा दाब दिसेपर्यंत इंजिन फिरवावे, जवळ पावडरचे अग्निशामक ठेवावे आणि शेडची दोन्ही बाजूंची दारे उघडावीत, कारण बंद जागेत एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

चौथे अंग : इंजिन थंड ठेवणे

सोलापुरात या अंगाला ब्रेकच्या खालोखाल महत्त्व आहे. इथल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतो, आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलवर काटा वर चढू लागतो. रेडिएटर उतरवून खालच्या बाजूने पाणी सोडत उलटा धुवावा. अर्ध्याहून अधिक नळ्या बंद आढळल्या तर तांब्या-पितळेची नवी कोअर बसवून घ्यावी, आणि त्यानंतर त्यात बोअरचे पाणी कधीही न घालता डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचेच मिश्रण भरावे.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला अनेक मेस्त्री देतात, तो मानू नये. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन सकाळी फार वेळ थंड राहते, तेल पातळ होत नाही आणि झीज वाढते. शिवाय तापण्याचे खरे कारण झाकून राहते. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे स्वयंपाकघरात कळते. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगता ठेवावा, पाण्यात थर्मामीटर धरावा आणि गॅस मंद ठेवावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास चकती उघडू लागली आणि पाणी निवताना मिटली, तर तो ठीक आहे.

उन्हाळ्यात होणारा दुसरा त्रास म्हणजे चालती गाडी गचके देत बंद पडणे आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणे. इथे पेट्रोल नळीतच उकळून वाफ झालेले असते. ओले फडके पंपावर ठेवले की गाडी तात्पुरती सुरू होते. कायमचा उपाय म्हणून पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी, तिच्यावर उष्णतारोधक आवरण चढवावे आणि पंप व ब्लॉक यांच्यामध्ये मूळची बेकलाइटची जाड पट्टी असेल तर ती जागेवर आहे याची खात्री करावी.

वायरिंग

बॅटरी जोडण्याआधी गाडीचा कोणता ध्रुव बॉडीला जोडलेला आहे ते पाहावे. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत तो धन असतो आणि काही गाड्या सहा व्होल्टच्याही असतात. हाताने वाकवल्यावर आवरण तडकत असेल तर जुन्या वायरीला चिकटपट्टी न लावता पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करावा, आणि रंगांचा मूळ क्रम तसाच ठेवावा. बॅटरीजवळ एक कटऑफ स्विच बसवावा आणि रात्री तो बंद ठेवावा.

गंज आणि पत्रा

बिजागऱ्या, कंस, झाकणे अशा सुट्या लोखंडी भागांचा गंज काढण्याची सर्वांत सौम्य पद्धत विजेची आहे. प्लॅस्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. भाग मध्ये टांगून त्याला जुन्या पद्धतीच्या बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार लावावी, आणि टबाच्या कडेला, भागाला न चिकटता, साध्या लोखंडाची पट्टी उभी करून तिला धन तार जोडावी. तारांची अदलाबदल झाली तर आपलाच भाग झिजतो, म्हणून चार्जर सुरू करण्याआधी दोनदा पाहावे. काही क्षणांत भागाच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांच्या रांगा वर येऊ लागतात, पाणी तांबूस होत जाते आणि रात्रभरात गंज काळ्या साक्यात बदलून ब्रशने निघतो. या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्या अंगणात करावे. पट्टी स्टेनलेसची घेऊ नये, तिच्यापासून क्रोमियमचे विषारी क्षार तयार होतात. ॲल्युमिनियमचे भाग, स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे बोल्ट या टबात टाकू नयेत. काढलेला भाग धुऊन, पुसून, उन्हात वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण उघड्या लोखंडावर काही तासांतच पिवळट झाक येते.

मळीच्या पाण्यातही गंज उत्तम निघतो आणि आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे, त्यामुळे हा विचार मनात येणे साहजिक आहे; परंतु मळीची खरेदी आणि साठवण यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने त्या वाटेला न जाता सोड्याचा टबच बरा.

सडलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा वेल्ड करणे हे एकच खरे काम आहे. भोकावर जाळी आणि लांबी भरून रंग देणे म्हणजे पुढच्या मालकाला फसवणे होय. तळाचा पत्रा बदलताना दोन्ही बाजू एकदम कापू नयेत आणि कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवावेत, नाही तर सांगाडा वाकतो आणि दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

रंग आणि आतील काम

मूळ रंग थोडा विटलेला पण शाबूत असेल, तर तो ठेवावा. नवा रंग कधीही देता येतो, कारखान्यातला पहिला रंग एकदा घासला की संपतो. रंग द्यायचाच असेल तर घासण्यापर्यंतचे काम घरी करावे आणि शेवटचे हात बूथ असलेल्या पेंटरकडे द्यावेत. हार्डनर मिसळण्याच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट असते आणि साध्या मास्कने त्यापासून बचाव होत नाही. बैठकांचे रेक्झिन जुन्या शिवणीचे फोटो देऊन शिवून घ्यावे. जुनी कव्हरे उसवून तीच बेतासाठी द्यावीत.

रस्त्यावर

टायरच्या कडेवरील चार अंकांवरून त्याचा आठवडा आणि वर्ष कळते. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपूर्वीचे टायर वापरू नयेत. विमा आणि नोंदणी चालू झाल्यावर पहिली फेरी पहाटे, घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, मागे दुसरी गाडी ठेवून घ्यावी. ताशी २० किलोमीटरला ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे, मग ४० ला. परतल्यावर चारही ड्रमांना हात लावावा, एखादा दुसऱ्यांपेक्षा फार गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. इंजिन खोलले असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितले त्याप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत, चाकांचे नट पहिल्या ५० किलोमीटरनंतर तपासावेत आणि इंजिन तेल ५०० किलोमीटरला बदलावे. काढलेले तेल पांढऱ्या ताटलीत ओतून त्यात पितळी चमक दिसते का ते पाहावे. ती दिसली तर बेअरिंग पाहिल्याशिवाय गाडी शहराबाहेर नेऊ नये, आणि न दिसल्यास टाकळीपर्यंत जाऊन यायला हरकत नाही.